टाकी, मोटार आणि बेवारस जोड

भारतातल्या बहुतेक शहरांत नळाला पाणी सतत येत नाही, ते वेळेवर येते आणि वेळेवर जाते. मुंबईत ते दिवसातले काही तास असते. सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगरात ते कित्येक वर्षे काही दिवसांआड येत आले आहे. लातूरला तर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्यामुळे पाणीपुरवठ्याची निम्मी यंत्रणा लोकांच्याच घरात उभी राहिली आहे: जिन्याखालची भूमिगत टाकी, शेजारची मोटार, भिंतीवरून चढणारा पाइप आणि गच्चीवरची काळी टाकी. धरणापासून रस्त्यातल्या जलवाहिनीपर्यंत या पाण्याची जबाबदारी कोणाची ते कागदोपत्री ठरलेले असते. मीटर ओलांडला की ती घरमालकाकडे जाते. मग तो टाकी विकणाऱ्याकडे, गवंड्याकडे, प्लंबरकडे आणि वायरमनकडे तिचे तुकडे वाटून देतो. या लेखातले म्हणणे एवढेच आहे की घरगुती टाकी आणि मोटारीचे अपघात सहसा वाईट मालामुळे होत नाहीत. ते एकाचे काम संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते त्या जोडावर होतात, कारण तो जोड तपासणे कोणाचेच काम नसते. वजन, पाण्याची शुद्धता, वीज आणि बंद टाकीतली हवा या चारही बाजूंनी पाहिले तरी हाच निष्कर्ष निघतो.

सुरुवात वजनापासून करू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकवले जाते. हजार लिटरची टाकी म्हणजे गच्चीवर कायमचा एक टन, हे मात्र टाकी घेताना कोणी बोलून दाखवत नाही. अशा उभ्या टाकीचा व्यास साधारण १.१ मीटर असतो, म्हणजे तळ एक चौरस मीटरहून किंचित कमी. इमारतींवरील भारांसाठीच्या भारतीय मानक ८७५ मध्ये माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो, चल भार धरला आहे. भरलेली टाकी आपल्या तळाखाली त्याच्या जवळपास सातपट भार टाकते. म्हणून गच्ची लगेच कोसळते असे नाही. आराखड्यात सुरक्षिततेची काही गुंजाइश ठेवलेली असते आणि एका जागचा भार आजूबाजूच्या स्लॅबवर पसरतो. पण टाकीची जागा आराखड्यात धरलेली हवी, ती कॉलमच्या माथ्यावर किंवा बीमवर हवी, स्लॅबच्या मध्यावर नको, एवढे यातून नक्की होते. मूळ इमारतीत बहुधा ती धरलेली असते. घोळ होतो तो पुढे. पाणी कमी पडू लागले की दुसरी टाकी येते, वर एक खोली चढली की तिसरी येते, आणि ती पाइप जिथे जवळ पडतो तिथे बसते. म्हणजे टाकीची जागा प्लंबर ठरवतो, तीही पाइपच्या लांबीकडे पाहून. भाराचे गणित करणारा अभियंता तोवर काम संपवून केव्हाच गेलेला असतो. टाकीखालच्या ओट्याचीही हीच गत. प्लास्टिकच्या टाकीला सपाट, सलग आणि तिच्या तळाहून मोठा आधार लागतो. चार विटांवर किंवा उघड्या अँगलच्या सांगाड्यावर ठेवलेल्या टाकीचा तळ हळूहळू दबतो आणि भेगाळतो. टाकीवर भारतीय मानक १२७०१ चा शिक्का शोधता येतो, ओट्यावर तसा शिक्का शोधायची सोय नाही.

प्लास्टिकच्या टाकीपेक्षा बांधलेल्या टाकीत धोका अधिक, कारण तिथे भिंतीचे गणितही लागते. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, त्यामुळे भिंतीवरचा एकूण रेटा खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक मीटर खोल पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीला अर्ध्या टनाने बाहेर ढकलते, दोन मीटर खोल पाणी दोन टनांनी, तीन मीटर खोल पाणी साडेचार टनांनी. विटांची भिंत वरून येणारा भार पेलण्यात पटाईत, आडवा रेटा सोसण्यात दुबळी. जमिनीखालच्या टाकीला बाहेरून मातीचा आधार मिळतो, जमिनीवर उभारलेल्या टाकीला तोही नसतो. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरीत मजुरांच्या वसाहतीतली जमिनीवरची पाण्याची टाकी फुटून कोसळली आणि पाच मजूर दगावले. मजुरांच्या वसाहतीतली टाकी तात्पुरती मानली जाते, म्हणून तिचा आराखडा होत नाही. पाण्याचा रेटा मात्र तात्पुरता नसतो. टाकी ज्या दिवशी प्रथम काठोकाठ भरते त्याच दिवशी तो पुरा लागू होतो. म्हणूनच नवी बांधीव टाकी टप्प्याटप्प्याने भरून, प्रत्येक टप्प्यावर थांबून, भेग आणि पाझर पाहणे आणि तोवर आसपास कोणालाही फिरकू न देणे ही चाचणी टाळण्यासारखी नाही. ती करायला उपकरण लागत नाही, फक्त ती करणे कोणाचे तरी काम ठरलेले असावे लागते.

आता पाण्याकडे वळू. पाणी आले की नळाला थेट मोटार लावणे हा महाराष्ट्रातल्या गावोगावचा परिचित प्रकार आहे आणि नगरपालिका अधूनमधून अशा मोटारी जप्तही करतात. यावरची चर्चा बहुधा शेजाऱ्याचे पाणी पळवण्यापाशी थांबते. आरोग्याचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. जलवाहिनीत दाब असेल तर गळक्या सांध्यातून पाणी बाहेर जाते. दाब गेला, किंवा मोटारीने ओढून तो उणे झाला, की त्याच सांध्यातून बाहेरचे पाणी आत येते, आणि आपल्या गल्ल्यांत जलवाहिनीचा शेजार गटाराशी असतो. हुबळी-धारवाडमध्ये शहराच्या काही भागात चोवीस तास पुरवठा सुरू झाल्यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या एमिली कम्पेल आणि कारा नेल्सन यांनी दोन्ही भागांतले पाणी तपासले. त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. खंडित पुरवठ्याच्या भागात जवळपास एक तृतीयांश नमुन्यांत ई. कोलाय जंतू सापडले, सतत पुरवठ्याच्या भागात हे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. दोन्हीकडच्या पाण्याचा उगम आणि शुद्धीकरण तेच होते, फरक वाटेतल्या दाबाचा होता. म्हणून मोटारीने नळातून थेट पाणी ओढू नये. नळाचे पाणी आधी आपल्या दाबाने भूमिगत टाकीत पडावे आणि मोटारीने त्या टाकीतून उचलावे. टाकीत पडणाऱ्या पाइपचे तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीहून वर असावे. ते पाण्यात बुडालेले असेल तर वाहिनीतला दाब गेल्यावर टाकीतले पाणी उलटे वाहिनीत ओढले जाते आणि एका घराची घाण पूर्ण गल्लीची होते.

साठवलेले पाणी टाकीतही बदलत असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० प्रमाणे त्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेले हवे. हे प्रमाण वेळेबरोबर, उष्णतेबरोबर आणि तळातल्या गाळामुळे घटत जाते. शहरी पुरवठ्यासाठी धरला जाणारा माणशी १३५ लिटरचा हिशेब लावला तर पाच जणांच्या घराला दिवसाला पावणेसातशे लिटर पुरतात. पाणी रोज येत असताना तीन हजार लिटरची टाकी बसवणे म्हणजे गच्चीवर फुकटचे दोन टन वाढवणे आणि चार दिवसांचे शिळे पाणी पिणे. जिथे पाणी खरोखरच पाच दिवसांनी येते तिथे मोठी टाकी लागणारच. अशा ठिकाणी साठ्याचा मोठा भाग खाली जमिनीत ठेवून वर एका दिवसापुरते पाणी चढवणे वजनाच्या आणि शुद्धतेच्या, दोन्ही दृष्टींनी बरे. झाकणाचा प्रश्न तर शंभर वर्षांहून जुना आहे. मुंबईतल्या हिवतापाची चौकशी करून चार्ल्स बेंटली यांनी १९११ मध्ये जो अहवाल दिला, त्यात घराघरांतल्या विहिरी आणि पाण्याचे साठे यांत वाढणाऱ्या ॲनॉफेलिस स्टीफन्सी डासावर बोट ठेवले होते. पुढे विहिरी बुजल्या, डासाने टाक्या धरल्या. डेंगी पसरवणाऱ्या एडिसलाही स्वच्छ साठलेले पाणीच आवडते. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणजे बोटभर फटीचे झाकण पावसाळाभर पिढ्या काढते. घट्ट झाकण आणि हवेच्या व ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी एवढ्यावर हे थांबते. पण पाइप बसवताना झाकणाला खाच प्लंबर पाडतो आणि डास शोधायला महापालिकेचा माणूस येतो, दोघांची गाठ पडत नाही.

मोटारीच्या बाबतीत लोकांचा कल मोठ्या आकाराकडे असतो. हजार लिटर पाणी अर्ध्या तासात पंधरा मीटर उंच चढवायला निव्वळ ८२ वॉट शक्ती लागते. छोटे घरगुती पंप विजेतली बरीच शक्ती वाया घालवतात. कार्यक्षमता तिसऱ्या हिश्श्याइतकीच धरली तरी अडीचशे वॉटच्या आसपास काम भागते, आणि अर्ध्या अश्वशक्तीचा पंप ३७३ वॉटचा असतो. तीन मजली घरालाही तो पुरावा. तरीही एक किंवा दीड अश्वशक्तीची मोटार बसते, कारण दुकानदाराला तक्रार नको असते आणि मालकाला टाकी झटपट भरायला हवी असते. जादा ताकदीने पाइपात धक्के बसतात, सांधे ढिले होतात आणि भूमिगत टाकी लवकर रिकामी होऊन मोटार कोरडी फिरते. पंप पाण्याहून किती वर बसवावा यालाही मर्यादा आहे. हवेचा दाब पाणी सिद्धांतात दहा मीटरपर्यंत उचलू शकतो, व्यवहारात सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा नाही. पंप पाण्याच्या जितका जवळ तितका चांगला, हा सल्ला म्हणून बरोबर आहे. पण नेमक्या त्याच सल्ल्याने मोटार जिन्याखालच्या ओलसर खड्ड्यात जाऊन बसते, आणि तिथून विजेचा प्रश्न सुरू होतो.

पाणी आणि वीज एकत्र आली की धोका, हे सर्वांना ठाऊक असते. संरक्षण कशाने मिळते याबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. घरातला एमसीबी तारा जास्त तापून पेटू नयेत म्हणून असतो. माणसाच्या शरीरातून जाणारा जीवघेणा प्रवाह अँपिअरच्या छोट्या अंशाइतका असतो आणि सोळा अँपिअरच्या एमसीबीला त्याची दखलही नसते. ती दखल घेणारे उपकरण म्हणजे आरसीसीबी. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की ते सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. मोटारीच्या वायरीवर ते असणे आणि त्यावरचे चाचणीचे बटण दर महिन्याला दाबून पाहणे हा सर्वांत मोठा बचाव आहे. दुसरा बचाव अर्थिंगचा, आणि इथे जोडाचा प्रश्न लख्ख दिसतो. जुन्या घरांत अर्थिंगची तार जमिनीत गेलेल्या लोखंडी पाण्याच्या पाइपला बांधण्याची पद्धत होती. पाइप गंजले, प्लंबरने ते काढून प्लास्टिकचे घातले. पाण्याच्या दृष्टीने काम उत्तम झाले, विजेच्या दृष्टीने त्या दिवशी घराचे अर्थिंग तुटले. दिवे लागत राहिले, मोटार चालत राहिली, आणि वायरमनला कोणी बोलावलेच नाही. पुढे कधी मोटारीचे वेष्टन खराब होऊन तिच्या अंगात वीज उतरली तर ओल्या फरशीवर उभा असलेला माणूस हाच जमिनीकडे जाणारा मार्ग होतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हायला हवे, पण घरगुती उपकरण बदलण्यासारखी किरकोळ कामे त्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे जुन्या वायरीवर नवी मोटार चढते आणि त्या वायरीची तपासणी नियमाच्या फटीतून निसटते. ज्यांनी २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा किंवा २०२१ चा चिपळूण-महाडचा पूर पाहिला आहे, त्यांना मोटारीचा स्विच खड्ड्यात न ठेवता उंचावर का हवा, हे वेगळे सांगायला नको.

चौथा धोका सर्वांत कमी बोलला जातो, तो बंद टाकीतल्या हवेचा. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाडा भागातल्या बांधकाम चालू असलेल्या इमारतीत भूमिगत पाण्याची टाकी साफ करायला उतरलेले चार मजूर गुदमरून मेले. सेप्टिक टाकीत विषारी वायू असतो हे लोक जाणतात. पाण्याच्या टाकीत वायू कुठून येणार, असे वाटते. पण जीव घ्यायला विषारी वायूच लागतो असे नाही, ऑक्सिजन नसणे पुरेसे आहे. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. महिनोन्महिने बंद राहिलेल्या टाकीत कुजणाऱ्या फळ्या, गाळ आणि गंजणारे लोखंड तो खाऊन टाकतात. वॉटरप्रूफिंगची रसायने आणि आत चालवलेला इंजिनाचा पंप यांची भर निराळी. दहा टक्क्यांच्या खाली माणूस सावध व्हायच्या आधीच कोसळतो, आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही कोसळतो. मैलासफाईबाबतचा २०१३ चा कायदा गटारे आणि सेप्टिक टाक्यांपुरता आहे, पिण्याच्या पाण्याची टाकी त्याच्या व्याख्येत बसत नाही. नियम म्हटले तर सोपे आहेत: दोन्ही झाकणे आधी पुरेसा वेळ उघडी ठेवणे, पंख्याने हवा खेळवणे, उतरणाऱ्याच्या अंगाला दोर आणि वर तो धरणारा माणूस, आतल्या मोटारीचा पुरवठा बंद, आणि कोणी पडला तर मागोमाग न उतरणे. पण यातला एक भाग टाकी बांधतानाच ठरतो. एकच अरुंद झाकण ठेवलेली टाकी पुढची पन्नास वर्षे धोकादायक राहते. समोरासमोर दोन झाकणे आणि पक्की शिडी ठेवली तर तीच टाकी पन्नास वर्षे सोपी जाते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की मूळ रोग खंडित पुरवठ्याचा आहे, तो बरा करा, टाक्या आपोआप जातील. यात तथ्य आहे. कराडजवळच्या मलकापूरसारख्या छोट्या गावाने चोवीस तास पाणी देऊन दाखवले, ओडिशातल्या पुरीने २०२१ मध्ये थेट नळाचे पाणी पिण्याजोगे केले. तरी टाक्या जाणार नाहीत. पाणीपुरवठ्याच्या १९९९ च्या केंद्रीय नियमपुस्तिकेत एक मजली वस्तीसाठी सात मीटर, दोन मजल्यांसाठी बारा आणि तीन मजल्यांसाठी सतरा मीटर दाबाची अपेक्षा होती. सातव्या मजल्यावर पाणी महापालिकेच्या दाबाने कधीच चढणार नव्हते. शिवाय वीस वर्षे काही तासच पाणी पाहिलेले घर पुरवठा सुधारल्यावर लगेच टाकी काढून टाकत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो ज्यांच्या तोंडी शोभतो त्यांच्यावरच उलटतो: भोसरी आणि नागपाडा इथे जीव गेले ते मजुरांचे. आरसीसीबी, जाळी, दुसरे झाकण आणि सपाट ओटा यांचा खर्च टाकी-मोटारीच्या किमतीपुढे जड नाही. जड पडते ते हे सगळे नंतर करणे. तिसरा आक्षेप अनुभवाचा: इतकी वर्षे काही झाले नाही. अर्थिंग, झाकण, स्लॅब यांचे दोष मात्र बिघाड दाखवत नाहीत. तुटलेले अर्थिंग ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी कळते. काही न होणे म्हणजे सुरक्षितता सिद्ध होणे असे इथे धरताच येत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप चौथा आहे: आणखी एक तपासणी म्हणजे आणखी एक टेबल आणि आणखी एक पाकीट. म्हणूनच तपासणी अशी हवी की तिचा निकाल घरमालकाला स्वतः दिसेल. गॅस सिलिंडरच्या बाबतीत आपण हे केले आहे. नळीवर तिची मुदत छापलेली असते, ती पाच वर्षांनी बदलायची हे घरातल्या सर्वांना माहीत असते. टाकी-मोटारीसाठीही असे एक पानी पत्रक पुरेल. टाकी कॉलम-बीमवर आहे आणि तिची क्षमता इतकी, असे अभियंत्याने लिहावे. काठोकाठ भरून चोवीस तास पाझर पाहिला, पाइपचे तोंड ओव्हरफ्लोच्या वर आहे, जाळ्या आहेत, असे परवानाधारक प्लंबरने लिहावे. अर्थिंग मोजले आणि आरसीसीबी मालकासमोर बटण दाबून तोडून दाखवला, असे परवानाधारक वायरमनने लिहावे. तिघांच्या सह्या झाल्याशिवाय काम पुरे झाले असे धरू नये, आणि तिघांतला कोणी पुढे काही बदल करील तेव्हा इतर दोघांच्या ओळी पुन्हा तपासाव्यात. महापालिका नवी नळजोडणी आजही परवानाधारक प्लंबरच्या कागदावर देते, त्याच कागदामागे हे पान जोडता येईल. गृहनिर्माण संस्थांना वेगळे काही करावे लागणार नाही. नमुना उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करायचेच असते, त्यात गच्चीवर नंतर चढलेल्या टाक्यांची वेगळी नोंद एवढीच भर घालायची. २०१९ पासून जलजीवन मिशनने गावोगाव नळ पोचवले आहेत आणि त्यामागोमाग मोटारी आणि टाक्याही पोचत आहेत. शहरांनी जे पन्नास वर्षांत विस्कळीतपणे उभे केले ते गावांत आता नव्याने बसते आहे, म्हणून हे पान तिथे आधी लागू करणे शहाणपणाचे. टाकी चांगल्या कंपनीची घ्या, मोटार शिक्क्याची घ्या, एवढा सल्ला आपण आजवर देत आलो. तो पुरेसा नाही, कारण माल चांगला असतानाही माणसे मेली आहेत. टाकी आणि स्लॅब, पाइप आणि अर्थिंग, झाकण आणि आतली हवा या जोडांवर ज्या दिवशी कोणाची तरी सही असेल, त्या दिवशी ही यंत्रणा पाणीपुरवठ्याचा भाग झाली असे म्हणता येईल.